खाटेपासून किती लांब?

उन्हापुढे हरलेली दोन डेटा सेंटर

लंडनमध्ये १९ जुलै २०२२ रोजी तापमान चाळीस अंशांच्या वर गेलं. नागपूर-चंद्रपूरकडच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण लंडनमधली घरं, रेल्वेचे रूळ आणि गच्चीवरची थंडाव्याची यंत्रं असल्या उन्हाच्या हिशेबाने बांधलेली नव्हती. थेम्सच्या दक्षिणेकडच्या गाइज आणि सेंट थॉमस या दोन जुन्या रुग्णालयांचा कारभार एकच ट्रस्ट पाहतो. या ट्रस्टची स्वतःची दोन डेटा सेंटर होती. एक पडलं तर दुसऱ्याने भार पेलायचा, अशी रीतसर योजना होती. त्या दिवशी दोन्हीकडची वातानुकूलन यंत्रणा एकाच उन्हापुढे हरली आणि ३७१ प्रणालींना फटका बसला. डॉक्टरांना रुग्णांच्या जुन्या नोंदी दिसेनात, तपासण्यांचे निकाल वॉर्डात पोहोचेनात. शस्त्रक्रिया आणि ओपीडीच्या ठरलेल्या वेळा रद्द कराव्या लागल्या. कागद-पेन बाहेर आलं आणि सगळी घडी पुन्हा बसायला कित्येक आठवडे गेले.

हे वाचून कुणीही म्हणेल, की रुग्णालयांनी सर्व्हर सांभाळण्याच्या भानगडीत पडूच नये, ते काम ज्यांचं त्यांच्याकडे सोपवावं. पण त्याच दिवशी, त्याच लंडनमध्ये, गूगल आणि ओरॅकल या क्लाउड कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्येही थंडाव्याची यंत्रणा कोलमडली होती. ऊन ग्राहकाचं नाव पाहून पडत नाही. फरक मांडणीत होता. गूगलची लंडनमधली यंत्रणा तीन स्वतंत्र विभागांत वाटलेली होती आणि बिघाड त्यांपैकी एका विभागातल्या एका इमारतीत झाला. ज्या ग्राहकांनी आपलं काम दोन-तीन विभागांत पसरून ठेवलं होतं, त्यांचं काम चालू राहण्याची सोय होती. ज्यांनी सगळं नेमकं त्या एकाच विभागात ठेवलं होतं, त्यांना ती सोय नव्हती.

रुग्णालयाची माहिती-यंत्रणा सार्वजनिक क्लाउडवर न्यायची की नाही, हा वाद या एका दिवसाच्या दाखल्यानेच निरर्थक ठरतो. खरा प्रश्न असा, की कोणती गोष्ट न्यायची, कोणत्या क्रमाने न्यायची आणि नेल्यावरही हाताशी काय ठेवायचं. त्याचं उत्तर शोधायला रुग्णालयापाशी एक फार जुनं मोजमाप आहे, ते म्हणजे रुग्णाची खाट.

भाड्याची यंत्रं, कुणाच्या तरी इमारतीत

आधी क्लाउड म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. अॅमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि संगणनशक्ती भाड्याने द्यायला सुरुवात केली. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची जी व्याख्या दिली, ती आजही वापरली जाते. हवं तेव्हा स्वतःच घेता येणारी, नेटवर्कवरून वापरता येणारी, अनेक ग्राहकांत वाटलेली, झटक्यात वाढवता-घटवता येणारी आणि मोजून बिल होणारी सेवा म्हणजे क्लाउड. ‘सार्वजनिक’ एवढ्याचसाठी, की पैसे भरणारा कोणीही ग्राहक होऊ शकतो. आतली माहिती सार्वजनिक होते असा त्याचा अर्थ नाही.

ही यंत्रं कुठल्या तरी इमारतीत, कुठल्या तरी गावात असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात जी केंद्रं उघडली, त्यांतलं एक पुण्यात आहे. अॅमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये आणि गूगलचं २०१७ मध्ये सुरू झालं. सातारच्या किंवा नाशिकच्या रुग्णालयाने ‘आम्ही क्लाउडवर गेलो’ म्हटलं, तर त्याची माहिती प्रत्यक्षात शे-दोनशे किलोमीटरवरच्या इमारतीत असू शकते.

भाड्याचेही प्रकार आहेत. नुसतं यंत्र भाड्याने घेतलं, तर त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम, तिचे पॅच, डेटाबेस, बॅकअप हे सगळं रुग्णालयाच्या आयटीवाल्यांनाच पाहावं लागतं. डेटाबेससारखी तयार सेवा घेतली, तर त्यातलं बरंच ओझं कमी होतं. आणि आख्खं सॉफ्टवेअरच मासिक वर्गणीवर घेतलं, तर रुग्णालयाकडे फक्त वापरणं उरतं. तालुक्याच्या गावच्या वीस-तीस खाटांच्या नर्सिंग होमसाठी हा तिसराच प्रकार खरा असतो. तिथे रिसेप्शनच्या टेबलाखाली ठेवलेला संगणक हाच सर्व्हर असतो आणि त्याचा बॅकअप डॉक्टरांच्या बॅगेतल्या पेनड्राइव्हमध्ये. त्यांच्यासाठी क्लाउडवर जाणं म्हणजे जुनं सॉफ्टवेअर सोडून नवं भाड्याने घेणं.

खाटेपासून मोजायला लागा

रुग्णालयात किती प्रणाली असतात, याची मोजदाद स्थलांतराच्या वेळीच पहिल्यांदा होते आणि आकडा पाहून व्यवस्थापनाला घाम फुटतो. केसपेपर काढणारी, वॉर्डातल्या नोंदींची, औषधांच्या साठ्याची, लॅबची, एक्स-रे आणि सीटीच्या प्रतिमांची, बिलिंगची, विम्याच्या कॅशलेस मंजुरीची, पगाराची, ईमेलची, रक्तपेढीची, स्वयंपाकघराची, लिफ्टच्या देखभालीची. प्रत्येकीचा विक्रेता वेगळा आणि प्रत्येकीला सांभाळणारा माणूस वेगळा.

या यादीवर एकच प्रश्न विचारत जावं. ही प्रणाली बंद पडली, तर खाटेवरच्या माणसाला किती वेळात इजा होऊ शकते? पगाराची प्रणाली दोन दिवस बंद राहिली तर कर्मचारी चिडतील, रुग्णाला काही होणार नाही. बिलिंग चार तास बंद पडलं तर डिस्चार्ज खोळंबेल आणि नातेवाईक काउंटरवर गर्दी करतील. लॅबचा निकाल अर्धा तास अडकला, तर आयसीयूमधला डॉक्टर पोटॅशियमचा आकडा कळल्याशिवाय सलाइनबाबत निर्णय घेणार कसा? आणि व्हेंटिलेटर, मॉनिटर, इन्फ्युजन पंप यांच्या बाबतीत हिशेब सेकंदांचा आहे.

यावरून क्रम आपोआप लागतो. खाटेपासून जितकं दूर, तितकं आधी क्लाउडवर न्यावं. ईमेल, पगार, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, वेबसाइट, अपॉइंटमेंट घेण्याची सोय आणि बॅकअपची दूरची प्रत ही पहिली तुकडी. अपॉइंटमेंट आणि नोंदणीला तर क्लाउडच्या लवचीकपणाचा थेट फायदा होतो. कोविड लसीकरणाच्या कोविन पोर्टलवर २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्वांसाठी नोंदणी उघडली, तेव्हा पहिल्याच दिवशी एक कोटी तीस लाखांहून अधिक लोकांनी नावं नोंदवली. असा लोंढा एका दिवसापुरता येतो. त्याच्यासाठी कायमचे सर्व्हर विकत घेणं कुठल्याच संस्थेला परवडणारं नाही.

दुसरी तुकडी म्हणजे रुग्णालयाची मुख्य नोंद-प्रणाली, लॅब आणि प्रतिमांचा साठा. ही न्यायला हरकत नाही, पण इंटरनेटचा दोर तुटला तरी काही तास तग धरेल अशी सोय जागेवर ठेवूनच. तिसरी तुकडी खाटेला चिकटलेली. मॉनिटरचा आकडा मुंबईच्या केंद्रात जाऊन साठवला जावा, त्याचं विश्लेषणही तिथे व्हावं, पण अलार्म वाजण्यासाठी त्याला मुंबईला विचारावं लागता कामा नये. अलार्म वॉर्डातल्या वॉर्डातच वाजला पाहिजे.

विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात ‘९९.९ टक्के उपलब्धता’ असं ठळकपणे छापलेलं असतं. त्याचं घड्याळात रूपांतर केलं तर वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा, असा त्याचा अर्थ निघतो. ९९.९९ टक्के म्हटलं तर सुमारे ५३ मिनिटं. पगाराच्या प्रणालीला पावणेनऊ तास काहीच नाहीत, अपघात विभागाला ते फार आहेत. शिवाय हे आकडे क्लाउड कंपनीच्या दारापर्यंतचे. रुग्णालयापासून त्या दारापर्यंतची केबल रस्त्याच्या खोदकामात तुटली, तर तो वेळ यात धरलेला नसतो. आणि करार मोडल्याची भरपाई बहुधा पुढच्या बिलातल्या सवलतीच्या रूपात मिळते. रुग्णाच्या वाया गेलेल्या तासाची भरपाई त्यात नसते.

सीटीचा एक काप, अर्धा एमबी

रुग्णालयाच्या माहितीत सगळ्यात अवजड भाग प्रतिमांचा असतो. स्थलांतराचं गणित इथेच जमतं किंवा फसतं, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

सीटी स्कॅनमधला एक काप साधारण ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा असतो आणि प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट लागतात. म्हणजे एक काप अर्ध्या एमबीचा. सहाशे कापांची तपासणी झाली तर तीनशे एमबी. एखाद्या रुग्णालयात दिवसाला अशा चाळीस तपासण्या होत असतील, तर रोज १२ जीबी आणि वर्षाला चार टीबीहून अधिक साठा तयार होतो, तोही फक्त सीटीचा. एमआरआय, मॅमोग्राफी, कॅथलॅबची चित्रफीत हे वेगळं.

आता पाच वर्षांचा सुमारे २० टीबी साठा क्लाउडवर पाठवायचा आहे आणि रुग्णालयाची लीज लाइन सेकंदाला १०० मेगाबिटची आहे असं समजा. ती लाइन दुसऱ्या कुठल्याही कामाला न वापरता अखंड चालवली, तरी साडेअठरा दिवस लागतील. प्रत्यक्षात ओपीडीही त्याच लाइनवर चालते, त्यामुळे हे काम रात्री आणि रविवारी करावं लागतं आणि दिवसांचे महिने होतात. म्हणूनच मोठ्या साठ्यासाठी मजबूत पेटीतली साठवण यंत्रं ग्राहकाकडे पाठवायची आणि ती भरून वाहनाने परत न्यायची, अशी सोय क्लाउड कंपन्यांनी काढली. इंटरनेटच्या युगातही वीस टीबी माहितीला ट्रक बरा पडतो.

रोजच्या कामाचं गणित वेगळं. तीनशे एमबीची एक तपासणी १०० मेगाबिटच्या मोकळ्या लाइनवरून २४ सेकंदांत पोहोचते. तीच लाइन गर्दीत अडकून दहावर आली, तर चार मिनिटं. गुडघ्याच्या तपासणीत चार मिनिटांनी काही बिघडत नाही. पण मेंदूच्या झटक्यात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज जेफ्री सेव्हर या मेंदूविकारतज्ज्ञाने २००६ मध्ये मांडला होता. त्या हिशेबाने ती चार मिनिटं फार महाग आहेत.

यावरचा तोडगा सोपा आहे. गेल्या महिना-दोन महिन्यांच्या प्रतिमा रुग्णालयातल्या छोट्या साठ्यात ठेवायच्या, सगळ्यांची प्रत मागच्या मागे क्लाउडवर जात राहू द्यायची आणि जुन्या प्रतिमा लागतील तेव्हा मागवायच्या. अपघात विभागातल्या डॉक्टरला सीटी जागेवरच दिसतो, अभिलेखागार दूर असतो. उलट बाजूने पाहिलं, तर हाच क्लाउड वेळ वाचवतो. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री दोनला काढलेला सीटी जिल्ह्याच्या किंवा पुण्याच्या रेडिओलॉजिस्टला घरबसल्या दिसू शकतो. पूर्वी त्यासाठी फिल्म घेऊन नातेवाईक गाडीत बसत. इथे माहिती खाटेपासून लांब गेली आणि तज्ज्ञ खाटेजवळ आला.

जुना साठा ठेवायचा कुठल्या कप्प्यात, हाही निर्णय आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात. क्लाउडवरचा सगळ्यात स्वस्त कप्पा बहुधा असा असतो, की त्यातली फाइल बाहेर यायला बारा तास किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. नियमाच्या ७२ तासांत ते बसतं. पण कर्करोगाच्या फेरतपासणीला आलेल्या बाईंचा दोन वर्षांपूर्वीचा मॅमोग्राम तुलनेला हवा असेल, तर तो अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशीच मागवून ठेवायला हवा. ही आठवण सॉफ्टवेअरला शिकवलेली नसेल, तर स्वस्त कप्पा महागात पडतो.

किल्ल्या कुणाच्या हातात

‘आमची माहिती बाहेर ठेवणं धोक्याचं, आमच्या आवारात ती सुरक्षित आहे,’ हे वाक्य प्रत्येक रुग्णालयाच्या बैठकीत एकदा तरी निघतं. इतिहास मात्र त्याला फारशी साथ देत नाही. ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीने २०१९ मध्ये जगभरचे प्रतिमांचे सर्व्हर तपासले, तेव्हा कित्येक सर्व्हर पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे सापडले. पुढच्या वर्षी आलेल्या तिच्या अहवालात भारतातल्या राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर होता. तीन लाखांहून अधिक नोंदसंच आणि त्यांतल्या जवळपास सात कोटी प्रतिमा कुणालाही पाहता येण्याजोग्या होत्या.

दिल्लीच्या एम्सचा दाखला तर सगळ्यांच्या लक्षात आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तिथल्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टीबी माहिती कुलूपबंद झाली. नेटवर्कची नीट विभागणी केलेली नव्हती, हे कारण पुढे आलं. नोंदणी, भरती, डिस्चार्ज ही कामं संगणकावर पूर्ववत व्हायला दोन आठवडे लागले आणि तोवर देशातलं सगळ्यात नावाजलेलं रुग्णालय कागदावर चाललं. ते सावरलं ते एका बॅकअप सर्व्हरमुळे, ज्याला हल्ल्याची झळ लागली नव्हती.

२०१७ च्या मे महिन्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला वॉनाक्राय या रॅन्समवेअरने घेरलं, तेव्हाही यंत्रं रुग्णालयांच्याच आवारात होती. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिला होता. बाधित यंत्रांवर तो लावलेला नव्हता.

या तिन्ही घटनांतलं काही काम क्लाउड कंपनी तुमच्यापेक्षा नक्कीच चांगलं करते. इमारतीची राखण, वीज, थंडावा, बिघडलेल्या डिस्क बदलणं, तयार सेवांचे पॅच हे सगळं ती करते. मात्र किल्ली तुमच्याच खिशात राहते. बँकेच्या लॉकरसारखंच हे आहे. तिजोरीची भिंत बँक राखते, पण किल्ली घराच्या दाराला लटकवून ठेवली तर भिंतीचा काही उपयोग नाही. क्लाउडवरची बरीच गळती अशीच होते. साठवणीचा कप्पा चुकून सर्वांसाठी खुला ठेवलेला असतो, नोकरी सोडून गेलेल्याचं लॉगिन चालूच असतं, एकच पासवर्ड चार सिस्टर मिळून वापरत असतात.

अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअर या विमा-दावे हाताळणाऱ्या कंपनीवर फेब्रुवारी २०२४ मध्ये हल्ला झाला. चोर चोरलेला पासवर्ड घेऊन दूरून काम करण्याच्या एका पोर्टलमधून शिरले. त्या पोर्टलवर दुसऱ्या टप्प्याची ओळखतपासणी, म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीसारखी सोय, चालू केलेली नव्हती. दोन कोटी वीस लाख डॉलरची खंडणी देऊनही सुमारे १९ कोटी लोकांच्या माहितीला धक्का लागला आणि देशभरची औषधदुकानं, रुग्णालयं पैशांसाठी अडकून पडली. इथे ओटीपी नव्हता, ब्रिटनमध्ये पॅच लावलेला नव्हता, उघड्या सापडलेल्या प्रतिमांच्या सर्व्हरना पासवर्डच नव्हता. सर्व्हर आवारात आहे की ढगात, या चर्चेआधी ही तीन कामं उरकावी लागतात.

बॅकअपच्या बाबतीतही गाफील राहून चालत नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथलं ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळून खाक झालं. ज्या ग्राहकांनी वेगळ्या गावी प्रत ठेवली नव्हती, त्यांतल्या अनेकांची माहिती कायमची गेली. क्लाउडवर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला, हा गैरसमज त्या आगीने पुसला. प्रत दुसऱ्या केंद्रात हवी. शिवाय ती मुख्य खात्याच्या लॉगिनने पुसता येणार नाही अशा कुलपात हवी, नाहीतर चोर आधी तीच पुसतो.

कायदा कुणाला विचारणार

भारताचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. महत्त्वाची बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्याने भूमिका स्पष्ट वाटून दिल्या आहेत. रुग्णाकडून माहिती घेणारं रुग्णालय हे तिचं विश्वस्त आणि क्लाउड कंपनी ही विश्वस्ताच्या वतीने काम करणारी. दोघांत करार काहीही असो, रुग्णाला उत्तर द्यायचं ते विश्वस्ताने. पुरेशी सुरक्षा न राखल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ‘सॉफ्टवेअरवाल्यांची चूक होती’ हे सांगून सुटका नाही. त्याआधीच, एप्रिल २०२२ मध्ये, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने सायबर घटना सहा तासांत कळवण्याची आणि यंत्रणांच्या लॉग-नोंदी १८० दिवस जपण्याची सक्ती केलेली आहे. करार करताना क्लाउड कंपनी आणि मधला विक्रेता सहा तासांत तुम्हाला माहिती पुरवतील का, हे त्यामुळे लिहून घ्यावं लागतं.

दुसरे देश आपापल्या भीतीनुसार कुलपं लावत आहेत. जर्मनीने जुलै २०२४ पासून आरोग्यविषयक माहिती क्लाउडवर ठेवायची तर सी-५ नावाचं सुरक्षा-प्रमाणपत्र बंधनकारक केलं. अमेरिकेच्या २०१८ च्या क्लाउड कायद्यानुसार तिथल्या कंपनीकडे असलेली माहिती, ती परदेशात साठवलेली असली तरी, अमेरिकी तपासयंत्रणा कायदेशीर आदेशाने मागू शकतात. त्यामुळे ‘माहिती मुंबईत आहे’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या रुग्णालयाने पुढचा प्रश्नही विचारावा. माहिती कूटबद्ध आहे का, आणि उलगडण्याची किल्ली कंपनीकडे आहे की आपल्याकडे?

भारतातली राष्ट्रीय व्यवस्था इथे एक वेगळा मार्ग दाखवते. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक घेता येतो, पण सगळ्यांच्या नोंदी एका मध्यवर्ती कोठारात ओतल्या जात नाहीत. त्या ज्या रुग्णालयात तयार झाल्या, तिथेच राहतात आणि रुग्णाने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. म्हणजे लातूरमधल्या छोट्या रुग्णालयाने संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयाच्या विनंतीला रात्रीबेरात्रीही उत्तर द्यायला हवं. टेबलाखालचा संगणक संध्याकाळी बंद करून घरी जाणाऱ्या दवाखान्याला हे जमणार नाही. छोट्या रुग्णालयांना क्लाउडकडे नेणारं हे कारण खर्चाच्या कारणापेक्षाही मोठं आहे.

आत येणं फुकट, बाहेर पडणं विकत

खर्चाचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण त्याचं सरसकट उत्तर नाही. स्वतःचा सर्व्हर घेतला की एकदम मोठी रक्कम जाते, मग एसी, यूपीएसच्या बॅटऱ्या, वार्षिक देखभाल करार, सांभाळणारा माणूस. पाच-सात वर्षांनी पुन्हा तेच. क्लाउडमध्ये ही रक्कम मासिक बिलात वाटली जाते. ते बिल फुगण्याची कारणं ठरलेली असतात. जुन्या सर्व्हरवरचं सगळं जसंच्या तसं उचलून तेवढ्याच मोठ्या भाड्याच्या यंत्रावर ठेवलं, तर लवचीकपणाचा फायदा मिळत नाही आणि भाडं चोवीस तास चालू राहतं. चाचणीसाठी उघडलेली यंत्रं बंद करायची राहतात. आणि माहिती आत घालायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढताना मात्र दर जीबीमागे पडतात.

हा बाहेर पडण्याचा कर आता सैल होतो आहे. २०२४ मध्ये गूगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने पाठोपाठ जाहीर केलं, की सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकाकडून माहिती बाहेर नेण्याचा आकार घेणार नाही. युरोपीय संघाच्या डेटा कायद्यानुसार जानेवारी २०२७ नंतर असा आकार घेताच येणार नाही. पण रुग्णालयाला खरा अडसर असतो तो स्वरूपाचा. विक्रेत्याने नोंदी त्याच्याच खास पद्धतीने साठवल्या असतील, तर वीस वर्षांचा इतिहास हातात येऊनही वाचता येत नाही. प्रतिमांसाठी डायकॉम आणि नोंदींसाठी फायर ही आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. त्याच स्वरूपात सगळं परत मिळेल, हे कलम करारात पहिल्या दिवशी घातलं तरच मिळतं. घटस्फोटाच्या अटी लग्नाआधी बोलायला संकोच वाटतो, पण इथे तो करू नये.

लाइन गेली तर

१९ जुलै हीच तारीख दोन वर्षांनी पुन्हा आली. २०२४ मधल्या त्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या अनेक रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. कित्येक ठिकाणी क्लाउडवरची माहिती शाबूत होती, पण ती पाहायचा टेबलावरचा संगणकच उघडत नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या एका केंद्रात नावं-पत्ते शोधणाऱ्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा उलट घडलं. संगणक ठीक होते, पलीकडचं दार सापडत नव्हतं.

अशा दिवसासाठी जाणती रुग्णालयं एक साधी व्यवस्था ठेवतात. प्रत्येक वॉर्डात एक संगणक असा असतो, ज्यावर दर काही मिनिटांनी दाखल रुग्णांची यादी, चालू औषधं, अॅलर्जी आणि शेवटचे लॅब निकाल आपोआप उतरत राहतात. तो यूपीएसवर असतो आणि त्याला स्वतःचा प्रिंटर जोडलेला असतो. नेट गेलं की सिस्टर तिथून कागद काढते आणि पुढच्या नोंदी छापील फॉर्मवर करते. फॉर्म कुठल्या कपाटात आहेत, ते सगळ्यांना माहीत असतं. दुसरी लाइन दुसऱ्या कंपनीची असते आणि ती वेगळ्या रस्त्याने इमारतीत शिरते. दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील, तर एक झाड दोन्ही तोडतं.

या तयारीची परीक्षा फक्त सरावानेच होते. ठरवून, आधी सांगून, एका वॉर्डाची लाइन काढायची. मग दिसतं, की नव्या पिढीच्या निवासी डॉक्टरला कागदी औषधपत्रकाची सवयच नाही, रक्तपेढीचा नंबर फक्त संगणकात आहे आणि प्रिंटरची शाई संपून महिना झाला आहे. लाइन परत आल्यावर आणखी एक अवघड काम उरतं, ते म्हणजे कागदावरची प्रत्येक नोंद योग्य रुग्णाच्या योग्य वेळेला पुन्हा चढवणं. एम्ससारख्या प्रसंगात दोन आठवड्यांचा असा कागद साचतो. चार तासांच्या सरावात तो हाताळता आला नाही, तर दोन आठवड्यांचा कधीच येणार नाही.

म्हणून विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ‘स्थलांतर पूर्ण झालं’ असं सांगितलं जाईल तेव्हा दोन तारखा मागाव्यात. बॅकअपमधून माहिती खरोखर परत उभी करून पाहिल्याची शेवटची तारीख, आणि रात्रपाळीच्या सिस्टरने नेट नसताना चार तास वॉर्ड चालवून दाखवल्याची शेवटची तारीख. या दोन्ही तारखा ज्या रुग्णालयाला देता येतात, त्याचा सर्व्हर पुण्यात असला काय किंवा तळमजल्यावर असला काय, खाटेवरच्या माणसाला फारसा फरक पडत नाही. ज्याला देता येत नाहीत, त्याने सर्व्हर कुठेही नेला तरी धोका तिथेच राहतो आणि फक्त बिलावरचं नाव बदलतं.